पस्तीसच्या आत

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
सव्वीस वर्षं मी हंसराजशेठच्या गाळ्यावर आवक लिहिली.
गाड्या किती, गोणी किती, भाव काय फुटला.
भाव चढायच्या दोन दिवस आधी मला कळायचं.
चाकणच्या गाड्या उशिरा लागायच्या,
हमाल तंबाखू मळत लवकर बसायचे,
आणि शेठ फोनवर
एकदम कच्छीत बोलायला लागायचे.

यालाच बहुतेक हे लोक मार्कर म्हणतात.

आता दर तीन महिन्यांनी कोपरखैरण्याहून खारघरला जाते.
फरझाना डाव्या हाताची शीर शोधते,
उजव्या हातावरच्या केमोनं काळ्या पडून वाळल्या.
दंडाच्या खाली दोन टिचक्या. "मावशी, मूठ."
पिवळ्या टोपणाची एक नळी.
संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट येतो :
सीए एकशे पंचवीस.

ते नाव आहे, आकडा नव्हे,
हे पहिल्यांदा कुणी सांगितलंच नाही.
मी एकशे पंचवीस वाचून रडले होते.
खरा आकडा शेजारच्या रकान्यात होता,
आठशे चाळीस.

मग उतरत गेला. दोनशे बारा. एकतीस. नऊ.
कांदा नऊ रुपयांवर आला की गाळ्यावर सुतक असतं.
मी पेढे वाटले.

जुन्या सवयीनं वही घातलीय. लाल कापडी पुठ्ठ्याची.
नऊ, आठ, अकरा, दहा,
चौदा,
एकोणीस,
सत्तावीस.
डॉक्टर सबनीस म्हणाले, सगळं पस्तीसच्या आत आहे, नॉर्मल.
मी म्हटलं, भाव नका बघू डॉक्टर, चाल बघा.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
म्हणाले, आकडा चढला म्हणून लगेच औषध दिलं
काय, आणि त्रास सुरू झाल्यावर दिलं काय,
त्यानं आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही.
आम्ही आकड्यावर उपचार करत नाही.
मग मोजता कशाला?
खिडकीबाहेर खारघरची टेकडी, वणव्यानं अर्धी काळी.
तिच्याकडे बघत म्हणाले,
काही जणींना कळून घ्यायचं असतं.
आणि बाकीच्यांना?
त्या तपासायला येत नाहीत. त्यांचंही चुकत नाही.

माझा एक तुकडा त्यांच्याकडे मेणात ठेवलेला आहे,
काडेपेटीहून लहान ठोकळा, वर नंबर.
त्याचा काप काढणार,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ,
आणि बघणार, मोडलेलं सांधायची अक्कल
त्या गाठीच्या पेशींना आहे की नाही.
नसली तर बरं, म्हणे.
ज्याला स्वतःला सांधता येत नाही
त्याच्यावर नवी गोळी जास्त दिवस चालते.

मी घरात आणि गाळ्यावर
जन्मभर उलटंच शिकत आले.

दोष रक्तातला निघाला, तर मात्र
कुंदाच्या मुलीला सांगावं लागेल.
केतकी. सव्वीसची. ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत.
सगळे म्हणतात, नाक मावशीवर गेलंय.
नाकापर्यंत ठीक आहे.
डॉक्टर म्हणाले, कळलं तर तिला वेळेत काही करता येईल.
हे मी घरी येऊन वहीत लिहिलं, जसंच्या तसं,
कारण तेवढ्या एका वाक्यात मला
मोजण्याचा उपयोग दिसला.
तिला अजून सांगितलेलं नाही.
मीही एकदा पस्तीसच्या आत होते,
तेव्हा मला कुणी काही सांगितलं असतं
तर मी ऐकलं असतं का, कोण जाणे.
गाळ्यावर ऑडिट होतं, असं काहीतरी म्हटलं असतं.

आज पुन्हा नळी भरली.
पावणेसहाला फोन थरथरला, ओट्यावर, पालथा.
मी हात पुसले. वहीत तारीख घातली.
रकाना तसाच.

खाली केतकी स्कूटरचा हॉर्न वाजवतेय,
सागर विहारला भरती बघायची म्हणतेय,
चल ना मावशी, पाणी पार कठड्यापर्यंत येतं.

आले गं, म्हटलं,
आणि दुसरी चप्पल शोधत बसले.